आद्य दिग्दर्शिका ॲलिस गी

इ. स. १८९५ च्या मार्च महिन्याची २२ तारीख होती. पॅरिस शहरातील एका उद्योगसंवर्धक संस्थेच्या सभागृहात काही निवडक मंडळी जमली होती. समोर एक पांढरा पडदा ताणून बसवला होता आणि त्याच्यापासून काही अंतरावर एक लहानसे यंत्र मांडले होते. दिवे मालवले गेले. यंत्राची मूठ फिरू लागली आणि पडद्यावर एका कारखान्याचे दार उघडले. त्यातून कामकरी स्त्रिया व पुरुष बाहेर पडू लागले. कोणी पायी, तर कोणी सायकलवर. चित्रातील माणसे चालू लागलेली पाहून सभागृहातील विद्वान मंडळी थक्क झाली. ल्युमिएर बंधूंनी तयार केलेल्या नव्या यंत्राचा तो प्रयोग होता.

त्या सभेत एकवीस वर्षांची एक तरुणी बसली होती. छायाचित्रणाचे साहित्य विकणाऱ्या एका कंपनीत ती सेक्रेटरीचे काम करी आणि आपल्या वरिष्ठांबरोबर तेथे आली होती. इतर सर्वजण यंत्राचे कौतुक करीत होते. तिच्या मनात मात्र निराळाच विचार घोळू लागला. कारखान्याचे दार आणि रस्त्यावरची रहदारी किती दिवस दाखवणार? हे यंत्र माणसांना चालवू शकते, तर ते गोष्टही का सांगू शकणार नाही? या एका प्रश्नाने तिच्या आयुष्याला वळण दिले. या तरुणीचे नाव ॲलिस गी. जगातील पहिली चित्रपटदिग्दर्शिका म्हणून पुढे ती ओळखली गेली. परंतु ही ओळख मिळण्यासाठी तिला जवळजवळ सारा जन्म वाट पाहावी लागली.

ॲलिसचा जन्म १ जुलै १८७३ रोजी पॅरिसजवळच्या सँ-मांदे या गावी झाला. तिचे आईवडील फ्रेंच होते. परंतु त्यांचे बिऱ्हाड दूर दक्षिण अमेरिकेतील चिली देशात होते. तेथे वडिलांची पुस्तकांची दुकाने होती. आपले हे अपत्य फ्रान्सच्या भूमीवर जन्माला यावे, या इच्छेने आईने समुद्रपर्यटनाचे कष्ट सोसले होते. मुलगी काही महिन्यांची होताच आई चिलीला परतली आणि ॲलिस स्वित्झर्लंडमध्ये आजीच्या मांडीवर वाढू लागली. ती तीनचार वर्षांची झाल्यावर आई तिला घेऊन गेली. आजीला सोडून अनोळखी आईबरोबर जहाजात बसताना त्या लहान जिवाला किती रडू आले असेल! चिलीत दोन वर्षे होतात न होतात, तोच वडिलांनी तिला पुन्हा युरोपात आणले आणि जोगिणींच्या एका शाळेत ठेवले. अशा रीतीने वयाच्या सहाव्या वर्षापर्यंतच तिने दोन खंड आणि एक महासागर पाहिला होता.

घरची सुस्थिती फार काळ टिकली नाही. वडिलांचा धंदा बुडाला. थोरला भाऊ अकाली वारला आणि इ. स. १८९१ मध्ये वडिलांनीही जगाचा निरोप घेतला. पाच भावंडांत ॲलिस धाकटी. परंतु आईच्या चरितार्थाचा भार तिच्यावर येऊन पडला. त्या काळी प्रतिष्ठित घराण्यातील मुलींनी नोकरी करणे कमीपणाचे मानले जाई. ॲलिसने या लोकापवादाची पर्वा केली नाही. टंकलेखन आणि लघुलेखन या विद्या तेव्हा अगदी नव्या होत्या. त्या तिने जिद्दीने आत्मसात केल्या आणि प्रथम एका कारखान्यात व नंतर, इ. स. १८९४ मध्ये, छायाचित्रणसाहित्याच्या कंपनीत नोकरी मिळवली. तेथील तरुण अधिकारी लेओं गोमों यांना तिचे वय या जबाबदारीच्या मानाने फारच कमी वाटले. तेव्हा हा दोष दिवसेंदिवस आपोआप कमी होईल, असे तिने हसत उत्तर दिले. तिचे चातुर्य पाहून गोमोंसाहेबांनी तिला कामावर घेतले.

पुढच्याच वर्षी गोमोंसाहेबांनी ती कंपनी विकत घेतली. पॅरिसच्या जगप्रसिद्ध मनोऱ्याचे निर्माते गुस्ताव्ह आयफेल हे त्यांच्या भागीदारांपैकी एक होते. कंपनीत शास्त्रज्ञांची आणि यंत्रज्ञांची नित्य ये-जा असे. पत्रे लिहिता लिहिता ॲलिसने भिंगांचे आणि कॅमेऱ्यांचे सारे ज्ञान मिळवले. जे काम समोर येईल ते केवळ उरकायचे नाही, तर त्याचे मर्म समजून घ्यायचे, हा तिचा स्वभावच होता.

लवकरच गोमों कंपनीही चलच्चित्रांचे कॅमेरे तयार करून विकू लागली. कॅमेरा कसा चालतो हे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी लहान लहान चित्रफिती काढल्या जात. स्थानकात शिरणारी आगगाडी, कवायत करणारे सैनिक, रस्त्यावरची गर्दी, असे त्यांचे विषय असत. पहिल्या वेळी त्यांचे नवल वाटे. दहाव्या वेळी लोक कंटाळून जात. पुस्तकांच्या सहवासात वाढलेल्या ॲलिसला हे उणेपण तत्काळ जाणवले. एखादे छोटेसे नाट्य लिहून मित्रमैत्रिणींकडून ते करवून घ्यावे आणि त्याची चित्रफीत काढावी, अशी कल्पना तिने भीतभीत गोमोंसाहेबांपुढे मांडली. त्यांना हा एक पोरखेळ वाटला. तरीही त्यांनी परवानगी दिली. अट एवढीच होती, की कचेरीच्या कामात कसूर होता कामा नये.

मग पॅरिसच्या बेलव्हिल भागातील एका गच्चीवर जगातील पहिल्या कथाचित्रांपैकी एक आकारास आले. पंख्यांवर चित्रे काढणाऱ्या शेजारच्या एका कारागिराने पाठीमागचा पडदा रंगवला. सुताराने लाकडी कोबीचे गड्डे कापून दिले. पोशाख भाड्याने आणले आणि ॲलिसच्या मैत्रिणी पात्रे झाल्या. आपल्याला कोठून आणले, असे मुलांनी विचारले म्हणजे फ्रान्समधील वडीलधारी माणसे मुलगे कोबीच्या गड्ड्यात आणि मुली गुलाबाच्या फुलात सापडतात, असे सांगत. याच समजुतीवर ही कथा रचली होती. एक परी कोबीच्या मळ्यात येते आणि एकेका गड्ड्यामागून हसतीखेळती बालके उचलून दाखवते, एवढेच कथानक! सारा खेळ एका मिनिटाचा. ‘कोबीची परी’ हे त्या चित्रपटाचे नाव. तो इ. स. १८९६ मध्ये काढला, असे ॲलिसने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. काही अभ्यासक त्याचा काळ थोडा अलीकडचा मानतात. परंतु गोष्ट सांगणारे चित्रपट जेव्हा बोटांवर मोजण्याइतकेच होते, तेव्हा एका तरुण स्त्रीने हे धाडस केले, याविषयी दुमत नाही.

लोकांनी परीचे उत्साहाने स्वागत केले. गोमोंसाहेबांनी चित्रपट काढण्याचा सारा विभागच तिच्या हाती सोपवला. कालची लेखनिक आता ॲलिसबाई झाली. जवळजवळ दहा वर्षे त्या या विभागाच्या प्रमुख होत्या. कथा लिहिणे, नटनटी निवडणे, पोशाख ठरवणे, देखावे उभारणे आणि दिग्दर्शन करणे ही सारी कामे त्या स्वतः पाहत. हाताखालच्या माणसांना त्यांनी हा नवा धंदा शिकवला. लुई फोयाद हे पुढे नावारूपास आलेले फ्रेंच दिग्दर्शक. त्यांना कंपनीत आणले ते ॲलिसबाईंनीच.

त्या काळी चित्रपट कसा काढावा हे शिकवणारी शाळा नव्हती, की पुस्तक नव्हते. अनुभव हाच गुरू होता. फीत उलटी फिरवली तर कोसळलेले घर पुन्हा उभे राहते. एकाच फितीवर दोनदा चित्रण केले तर एकच मनुष्य पडद्यावर दोन ठिकाणी दिसतो. मध्येच कॅमेरा थांबवून एखादी वस्तू काढून घेतली तर ती डोळ्यांदेखत अदृश्य होते. अशा अनेक क्लृप्त्या ॲलिसबाईंनी आणि त्यांच्या समकालीनांनी प्रयोग करीत करीत शोधल्या. काही फितींवर एकेक चित्र हाताने रंगवले जाई. एका सेकंदात पडद्यावर सोळाएक चित्रे सरकतात. त्यांतील प्रत्येक नखाएवढे चित्र बारीक कुंचल्याने रंगवायचे, या कामाला किती चिकाटी लागत असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

चित्रपटाला वाणी देण्याचा प्रयत्नही त्यांच्या हातून झाला. गोमों कंपनीने चित्र आणि ध्वनी यांची जोड घालणारे एक यंत्र तयार केले होते. गायकाचे गाणे आधी तबकडीवर मुद्रित करीत. मग ती तबकडी वाजवून तिच्याबरोबर गायकाला ओठ हलवायला लावीत आणि त्याचे चित्रण करीत. खेळाच्या वेळी पडद्यावरचे चित्र आणि तबकडी दोन्ही एकाच गतीने चालवली जात. अशी शंभराहून अधिक गाणारी चित्रे ॲलिसबाईंनी इ. स. १९०२ ते १९०७ या काळात दिग्दर्शित केली. भारताचा पहिला बोलपट इ. स. १९३१ मध्ये मुंबईत झळकला, हे लक्षात घेतले म्हणजे ही मंडळी काळाच्या किती पुढे होती हे ध्यानी येते.

इ. स. १९०६ मध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावर एक भव्य चित्रपट काढला. बहुतेक चित्रपट पाचदहा मिनिटांत आटोपत असत, त्या काळी हा चित्रपट अर्ध्या तासाहून अधिक चाले. त्यात पंचवीस प्रवेश होते आणि सुमारे तीनशे माणसांनी काम केले होते. या विषयाशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळतो. इ. स. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहिला आणि आपल्या पुराणपुरुषांनाही असेच पडद्यावर आणावे, या ध्यासाने त्यांना झपाटले. त्यातूनच इ. स. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला. दादासाहेबांनी पाहिलेला तो चित्रपट ॲलिसबाईंचाच असावा, असे काही अभ्यासक म्हणतात; काही जण तो दुसऱ्या फ्रेंच कंपनीचा समजतात.

गंभीर विषयांइतकाच ॲलिसबाईंना विनोदही प्रिय होता. त्याच वर्षी काढलेल्या एका चित्रपटात त्यांनी स्त्रीपुरुषांच्या कामांची अदलाबदल करून दाखवली. त्यात पुरुष घरी बसून शिवणकाम करतात, कपड्यांना इस्त्री करतात, मुलांची गाडी ढकलतात. आणि स्त्रिया उपाहारगृहात बसून गप्पा मारतात. प्रेक्षक खदखदून हसत. पण घरी जाताना, रोज हीच कामे करणाऱ्या स्त्रीला काय वाटत असेल, असा विचार एखाद्याच्या मनात आल्यावाचून राहत नसेल. हसता हसता विचार करायला लावणे हे त्यांच्या चित्रपटांचे एक लक्षण होते.

इ. स. १९०७ मध्ये ॲलिसबाईंचा हर्बर्ट ब्लाशे यांच्याशी विवाह झाला. हर्बर्ट हे गोमों कंपनीतच नोकरीस होते. त्यांना कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला जायचे होते. त्यामुळे ॲलिसबाईंनी आपल्या पदाचा राजीनामा दिला आणि नव्या देशात संसार थाटला. इंग्रजी भाषा नीट येत नव्हती. ओळखीदेखीचे कोणी नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांना कन्यारत्न झाले. आता त्या घरातच रमतील, असे कोणालाही वाटले असते. पण गोमों कंपनीचा अमेरिकेतील स्टुडिओ बराच वेळ रिकामा पडून असतो, हे त्यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांचे मन स्वस्थ बसेना. इ. स. १९१० च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी सोलॅक्स नावाची स्वतःची चित्रपटकंपनी स्थापन केली.

कंपनी झपाट्याने वाढली. दोन वर्षांतच न्यू जर्सी राज्यातील फोर्ट ली या गावी त्यांनी स्वतःचा स्टुडिओ बांधला. त्यासाठी एक लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. आत भरपूर सूर्यप्रकाश यावा म्हणून चित्रीकरणाच्या जागेला काचेचे छप्पर होते. पोशाखांची कोठारे, सुतारकामाची जागा आणि फिती धुण्याची प्रयोगशाळा हे सारे एकाच आवारात होते. असा स्टुडिओ उभारून चालवणारी ती पहिलीच स्त्री. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत स्त्रियांना मत देण्याचाही अधिकार नव्हता. एका नियतकालिकात लेख लिहून, चित्रपट काढण्याच्या कामात स्त्रीला जमणार नाही असे काहीही नाही, हे त्यांनी इ. स. १९१४ मध्ये स्पष्टपणे सांगितले. त्यांच्या शब्दांमागे अठरा वर्षांचा अनुभव उभा होता.

त्यांच्या स्टुडिओत एक मोठी पाटी लावलेली होती. नटनटींनी सहज वागावे, एवढाच तिचा आशय होता. त्या वेळचे मूकपटांतील नट रंगभूमीच्या सवयीने हातवारे करीत, डोळे फिरवीत आणि छाती बडवून घेत. ॲलिसबाईंना हे पसंत नव्हते. कॅमेरा जवळ असतो. त्याला मुद्रेवरील बारीकशी छटाही टिपता येते. तेव्हा दुःख झालेला मनुष्य जसा प्रत्यक्षात वागतो, तसेच नटाने वागावे, असा त्यांचा आग्रह असे. सहजता हाच त्यांच्या शैलीचा प्राण होता.

या शैलीचा उत्तम नमुना म्हणजे इ. स. १९१२ मधील ‘गळणारी पाने’ हा चित्रपट. एका घरातील थोरली बहीण क्षयाने आजारी आहे. झाडावरचे शेवटचे पान गळेल तेव्हा हिचा अंत होईल, असे वैद्य आईला सांगतो. धाकटी बहीण ते ऐकते. मोठ्या माणसांच्या बोलण्याचा अर्थ ती आपल्या परीने लावते. रात्री सारे झोपले असता ती दोऱ्याचे रीळ घेऊन बागेत जाते आणि गळलेली पाने एकेक करून झाडाच्या फांद्यांना बांधू लागते. पान गळलेच नाही तर ताई कशी मरेल, एवढाच तिचा साधा हिशेब! त्याच वेळी रस्त्याने जाणारा एक डॉक्टर तिला पाहतो, काय करतेस म्हणून विचारतो आणि ऐकून गहिवरतो. त्याने क्षयावर नवे औषध शोधलेले असते. त्या औषधाने थोरली बहीण बरी होते. या चित्रपटात आक्रोश नाही, की मोठमोठे हावभाव नाहीत. एक मूल पाने बांधत आहे, एवढेच दिसते. आणि पाहणाऱ्याचे डोळे पाणावतात.

साहसी देखाव्यांतही ॲलिसबाई मागे नव्हत्या. एका चित्रपटासाठी त्यांनी जिवंत वाघ आणला. दुसऱ्या एका चित्रपटात खरेखुरे जहाज स्फोटाने उडवले. इ. स. १९१२ मध्येच एका विनोदी चित्रपटात गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीय नटांबरोबर काम करण्याचे नाकारले. तेव्हा ॲलिसबाईंनी चित्रपट रद्द न करता सर्वच्या सर्व भूमिका कृष्णवर्णीय कलावंतांना दिल्या. त्या चित्रपटातील काही चित्रण त्या काळच्या गैरसमजांपासून मुक्त नाही. तरीही तसा संपूर्ण कलावंतसंच पडद्यावर आणणाऱ्या अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते.

परंतु भाग्याचे दिवस फार काळ टिकत नाहीत. अमेरिकेतील चित्रपटधंदा हळूहळू पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे, हॉलिवूडला जाऊ लागला. लहान चित्रपटांची जागा लांबलचक चित्रपटांनी घेतली. त्यांना फार मोठे भांडवल लागे आणि छोट्या कंपन्यांना बड्या वितरकांपुढे मान तुकवावी लागे. सोलॅक्सला हा भार पेलवेना. ॲलिसबाई दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी चित्रपट काढू लागल्या. संसारातही दुरावा आला. पती हॉलिवूडला निघून गेले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर थैमान घालणाऱ्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्या स्वतः मरणाच्या दारातून परत आल्या. इ. स. १९२० मध्ये त्यांचा शेवटचा चित्रपट पडद्यावर आला. पाठोपाठ स्टुडिओही गेला आणि विवाहबंधनही तुटले. इ. स. १९२२ मध्ये दोन मुलांना घेऊन त्या फ्रान्सला परतल्या.

मायदेशी तरी काम मिळेल, अशी त्यांना आशा होती. परंतु पंधरा वर्षांत तेथील जग बदलून गेले होते. ज्या धंद्याचा पाया घालण्यास त्यांनी हातभार लावला, त्यातच त्यांना जागा मिळेना. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभी असलेली, दोन मुलांची आई चित्रपट दिग्दर्शित करील, यावर कोणाचा विश्वास बसेना. त्यांनी भाषांतरे केली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, चित्रपटांच्या कथा नियतकालिकांसाठी लिहून दिल्या आणि संसाराचा गाडा ओढला. पुन्हा दिग्दर्शन करण्याचा योग मात्र त्यांच्या आयुष्यात आला नाही.

याहूनही मोठे दुःख पुढेच होते. चित्रपटकलेचे इतिहास लिहिले जाऊ लागले आणि त्यांत ॲलिस गी हे नाव कोठेच दिसेना. त्यांचे कित्येक चित्रपट त्यांच्याच साहाय्यकांच्या नावावर मांडले गेले. याचे कारण असे, की आरंभीच्या चित्रपटांवर दिग्दर्शकाचे नाव नसे. केवळ कंपनीची खूण असे. शिवाय त्या काळच्या फिती चटकन पेट घेणाऱ्या द्रव्याच्या असत. कित्येक जळाल्या, कित्येक कुजल्या आणि जुन्या झाल्या म्हणून कित्येक फेकून दिल्या गेल्या. इ. स. १९३० मध्ये गोमों कंपनीचा इतिहास प्रसिद्ध झाला, त्यातही इ. स. १९०७ पूर्वीच्या चित्रपटनिर्मितीला स्थान नव्हते. ॲलिसबाईंनी आपल्या जुन्या मालकांना ही गोष्ट कळवली. गोमोंसाहेबांनी चूक मान्य केली आणि दुरुस्तीचे आश्वासन दिले. परंतु ती दुरुस्ती छापून येण्यापूर्वीच, इ. स. १९४६ मध्ये, ते निवर्तले.

दुसरी एखादी व्यक्ती खचून गेली असती. ॲलिसबाईंनी मात्र आपले सत्य आपणच राखायचे ठरवले. इ. स. १९२७ मध्येच त्या आपले चित्रपट शोधण्यासाठी अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. तेथील सर्वांत मोठ्या ग्रंथालयातही त्यांना आपला एकही चित्रपट सापडला नव्हता. तेव्हा आठवतील तेवढ्या चित्रपटांची यादी करण्यास त्यांनी आरंभ केला. इतिहासकारांना पत्रे लिहिली, चुका दाखवून दिल्या आणि उतारवयात आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्यांची कन्या परदेशांतील अमेरिकन वकिलातींत नोकरी करी. तिच्याबरोबर देशोदेशी फिरत असताना हे काम चालूच होते. हळूहळू त्याला फळ येऊ लागले. इ. स. १९५४ मध्ये गोमोंसाहेबांच्या चिरंजीवांनी पॅरिसमधील एका भाषणात त्यांच्या कार्याचा जाहीर गौरव केला. ऐंशीच्या घरात असताना फ्रान्स सरकारने त्यांना मानाचे पदक दिले.

२४ मार्च १९६८ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी न्यू जर्सी राज्यात त्यांचे देहावसान झाले. ज्या फोर्ट लीमध्ये त्यांचा काचेचा स्टुडिओ एकेकाळी उभा होता, ते गाव याच राज्यात आहे. त्यांच्या निधनाची वार्ता फारशी कोणाच्या कानी गेली नाही. त्यांच्या आठवणींचे पुस्तकही छापून निघाले ते त्यांच्या पश्चात, इ. स. १९७६ मध्ये.

पुस्तक वाचून अभ्यासक जागे झाले. देशोदेशींच्या संग्रहालयांत जुने डबे उघडले जाऊ लागले आणि ज्यांच्यावर कोणाचेच नाव नव्हते अशा फिती ॲलिसबाईंच्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांनी लहानमोठे मिळून सुमारे एक हजार चित्रपट काढले, असे मानले जाते. त्यांपैकी दीडशेच्या आसपास आज उपलब्ध आहेत. इ. स. २०१२ मध्ये त्यांच्या समाधीवर नवा दगड बसवण्यात आला आणि आद्य दिग्दर्शिका म्हणून त्यांचे कार्य त्यावर कोरण्यात आले. इ. स. २०२४ मध्ये पॅरिस येथे ऑलिंपिक क्रीडामहोत्सवाचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी फ्रान्समधील दहा थोर स्त्रियांचे सोनेरी पुतळे सेन नदीच्या काठी उभे करण्यात आले. त्यांत ॲलिस गी यांचाही पुतळा होता.

हा गौरव पाहण्यास त्या हयात नव्हत्या. परंतु गौरव मिळावा म्हणून काही त्यांनी कामाला आरंभ केला नव्हता. कचेरीचे काम संभाळून उरलेल्या वेळात त्यांनी कोबीचा मळा उभारला, तो एक गोष्ट सांगण्याच्या आनंदासाठी. आणि म्हातारपणी नावासाठी झगडल्या, तो केवळ मान मिळवण्यासाठी नव्हे, तर जे घडले ते खरेपणाने नोंदले जावे म्हणून. आपले काम मनापासून करावे आणि त्याविषयीचे सत्य कोणी पुसू लागल्यास शांतपणे, पण न थकता, ते पुन्हा लिहावे, हाच त्यांच्या दीर्घ आयुष्याचा संदेश आहे.